विश्लेषण : गरम रोलर एकीच्या केसांना मानवतात, दुसरीच्या का नाही?

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि पार्लरचे दरही चढू लागतात. मेंदी, हळद, संगीत, रिसेप्शन अशा चार कार्यक्रमांसाठी चार वेळा पार्लर गाठणे प्रत्येकीला परवडत नाही. त्यातच नव्वदच्या दशकातले फुगीर, टोकाशी वळलेले केस समाजमाध्यमांवर परत आले आणि त्यांच्यामागून गरम रोलरही परतले. रीलमध्ये अर्ध्या मिनिटात रोलर निघतात आणि केस लाटांसारखे खांद्यावर येतात. घरी मात्र हॉलवर पोहोचेपर्यंत केस पुन्हा सरळ झालेले असतात किंवा एखादा रोलर केसांत असा अडकतो, की कात्री आणायची वेळ येते. दोनदा वापरून संच कपाटाच्या वरच्या फळीवर जातो. अनेकदा त्या संचात बिघाड काहीच नसतो, तो दुसऱ्याच कुणाच्या केसांसाठी योग्य असतो.

रोलर केस वळवतो कसा?

केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्यांना धरून ठेवणारे बंध मुख्यतः दोन तऱ्हेचे. गंधकाचे बंध पक्के असतात. ते तोडायला रसायन लागते, पार्लरमधले पर्मिंग किंवा रिबाँडिंग हेच करते. दुसरे हायड्रोजन बंध. ते कच्चे असतात, पाणी किंवा उष्णता लागली की सुटतात आणि केस वाळताना किंवा गार होताना पुन्हा जुळतात. जुळताना केस ज्या आकारात असेल, तो आकार टिकतो.

सुती कपड्याला पाण्याचा हबका मारून इस्त्री केली की घडी बसते आणि पावसाची सर आली की ती मोडते. तिथेही मूळ खेळ हायड्रोजन बंधांचाच. केसांच्या बाबतीत महत्त्वाचे हे, की रोलरची उष्णता फक्त बंध सोडवते. वळण बसते ते केस गार होताना. त्यामुळे रोलर कोमट असताना काढला तर केस सुटलेल्या अवस्थेतच खाली लोंबतो आणि स्वतःच्या वजनाने सरळ होतो. ‘माझ्या केसांत कर्ल टिकतच नाहीत’ या तक्रारीमागे किती तरी वेळा एवढेच कारण असते. पंधरा-वीस मिनिटे, दाट केस असतील तर अर्धा तास, रोलर पूर्ण गार होईपर्यंत डोक्यावर राहायला हवा. चहा, साडीच्या निऱ्या, मेकअप हे सगळे या वेळात उरकता येते. रोलरची खरी सोय हीच आहे, चिमटा घेऊन आरशासमोर उभे राहावे लागत नाही.

चिमट्याहून हे सौम्य का मानतात?

पॅरिसच्या मार्सेल ग्रातो याने १८७२ च्या सुमारास तापवलेल्या चिमट्याने केसांत लाटा पाडायला सुरुवात केली. आजचा विजेचा चिमटा त्याच घराण्यातला. तो २०० अंश सेल्सियस आणि त्याहूनही वर जाऊ शकतो आणि आतला थर्मोस्टॅट ते तापमान कायम राखतो. गरम रोलर साधारण १०० ते १२५ अंशांच्या आसपास तापतात आणि तळावरून उचलल्या क्षणापासून निवू लागतात. चूक झाली तरी तिला मर्यादा पडते.

घरगुती गरम रोलर जगभर पोहोचवले ते डेन्मार्कने. तिथल्या कालुंडबोर्ग गावात आर्ने बुबियर्ग पेडरसन या उद्योजकाने १९६० च्या दशकात ‘कारमेन कर्लर्स’ काढले. पुढे ती कंपनी क्लेरॉल या अमेरिकी कंपनीने घेतली. डेन्मार्कच्या सरकारी वाहिनीने २०२२ मध्ये या गोष्टीवर आधारित ‘कारमेन कर्लर्स’ नावाची मालिकाही दाखवली. जुन्या पद्धतीच्या संचांत रोलरच्या पोटात मेण असते. तळावरच्या तापलेल्या दांडीमुळे ते वितळते आणि डोक्यावर हळूहळू गोठताना साठवलेली उष्णता सोडत राहते. आजच्या अनेक संचांत मेणाऐवजी सिरॅमिक असते, ते लवकर तापते आणि साधारणपणे लवकर निवते. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

‘पातळ केस’ म्हणजे नेमके कसे?

निवडीतला घोटाळा इथून सुरू होतो आणि त्याला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. ‘केस पातळ झालेत’ असे आपण म्हणतो तेव्हा डोक्यावरचे केस कमी झालेत, की एकेक केस बारीक झाला आहे, हे त्यातून कळत नाही. ‘जाड केस’चेही तेच. खरे तर या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. एक केस बारीक की जाड, ही पहिली. डोक्यावर केस विरळ की दाट, ही दुसरी. सरळ, नागमोडी की कुरळे, ही तिसरी.

इंटरनेटवर सापडणारा १ ते ४ आकड्यांचा तक्ता अमेरिकी केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी लोकप्रिय केला. १ म्हणजे सरळ, ४ म्हणजे घट्ट कुरळे. तो मुख्यतः तिसऱ्या मोजणीचा आहे. रोलर विकत घेताना पहिल्या दोन जास्त कामाच्या.

तपासायला यंत्र लागत नाही. धुतलेला, वाळलेला एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. बोटांना जवळपास काहीच जाणवत नसेल तर केस बारीक, स्पष्ट तार जाणवत असेल तर जाड. मग सगळ्या केसांची पोनी बांधून तिच्याभोवती शिंप्याची टेप गुंडाळा. केशरचनाकारांचा ठोकताळा असा, की घेर दोन इंचांहून कमी भरला तर केस विरळ, चारच्या आसपास गेला तर दाट.

हे करून पाहिल्यावर अनेकींना धक्का बसतो. बारीक पण दाट केस हा आपल्याकडे नेहमी दिसणारा प्रकार आहे. अशी व्यक्ती लहानपणापासून ‘किती जाड केस आहेत’ ऐकत आलेली असते, म्हणून ती जाड केसांसाठीचा, जास्त तापणारा संच घेते. तिच्या एकेका केसाला तेवढी उष्णता नको असते. तिला हवे असतात कमी तापमानाचे, पण संख्येने जास्त रोलर.

मग कोणाला कोणता?

बारीक केस लवकर तापतात, लवकर वळतात आणि लवकर करपतातही. त्यांना वरून मखमलीसारखा थर असलेले रोलर बरे. मखमल केस घसरू देत नाही आणि उष्णतेचा थेट चटकाही थोडा कमी करते. तापमान कमी-जास्त करायची सोय असेल तर खालची पायरी. बारीक आणि विरळ केस असणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे केस भरगच्च दिसावेत म्हणून सर्वांत मोठे, ‘जंबो’ रोलर घेणे. अशा केसांत मोठे वळण अर्ध्या तासात विरते. इंचभर किंवा सव्वा इंच व्यासाचे रोलर घ्यावेत, मोठे दोन-तीन फक्त टाळूवर लावायला ठेवावेत. भरगच्चपणा रोलरच्या आकारापेक्षा बट कुठे धरली यावर अवलंबून असतो. बट डोक्यावर सरळ वर, किंचित कपाळाकडे झुकवून धरली आणि रोलर तिच्या मुळाशीच बसवला, तर मुळे उचललेली राहतात. बट खाली ओढून गुंडाळली तर केस टाळूला चिकटतात, मग रोलर कितीही महागाचा असो.

क्लिपकडेही पाहावे. मोठ्या दातांची जबड्यासारखी क्लिप बारीक केसांवर खळगा पाडते, तो दिवसभर जात नाही. यू आकाराच्या पिनांनी तो कमी पडतो. मात्र धातूची पिन रोलरला टेकून तापते, ती कपाळाच्या कडेला लावताना जपावे.

जाड आणि सरळ केस हे सर्वांत हट्टी. त्यांना उष्णता जास्त वेळ लागते, म्हणून मेणाचे किंवा जाड सिरॅमिकचे, उष्णता धरून ठेवणारे रोलर उपयोगी. वजनामुळे वळण सैल होणारच, हे धरून हवे त्याहून एक माप लहान रोलर निवडावा. रुंद लाटा हव्या असतील तर सव्वा इंची रोलर वापरला की संध्याकाळपर्यंत त्याच्या दीड-दोन इंची लाटा आपोआप होतात.

नागमोडी केस या बाबतीत नशीबवान. त्यांना जवळपास कुठलाही संच चालतो, वळण तिथे आधीच असते.

कुरळ्या केसांना रोलर कशाला, असे कुणी विचारेल. त्यांचा उपयोग वळण सैल आणि सारखे करायला होतो. त्यासाठी मोठे, दीड इंच आणि पुढचे रोलर लागतात. पण केस आधी धुऊन, ताणून, पूर्ण वाळवून घ्यावे लागतात. गुंतलेल्या कुरळ्या केसांवर काटेरी किंवा खाचांचा रोलर लावला तर निघताना केस तुटतात. सुरुवातीला उल्लेख केलेली कात्री बहुतेक वेळा इथेच येते.

माप कसे ठरवायचे?

इथे शाळेतले गणित कामाला येते. व्यासाला ३.१४ ने गुणले की रोलरचा घेर मिळतो. इंचभर, म्हणजे २५ मिलिमीटर व्यासाच्या रोलरचा घेर जवळपास ८ सेंटीमीटर. दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटरच्या रोलरचा १२ सेंटीमीटर. वळण दिसायला केसाचा किमान दीड वेढा पडायला हवा. म्हणजे पहिल्याला १२ आणि दुसऱ्याला १८ सेंटीमीटर लांबीचे केस हवेत. हनुवटीपर्यंतचा बॉब कट असेल तर मोठ्या रोलरवर केवळ टोक आत वळेल, लाट पडणार नाही. खोक्यावर व्यास लिहिलेला नसेल आणि नुसते ‘लार्ज’, ‘मीडियम’ असेल तर विक्रेत्याला मिलिमीटरमध्ये विचारावे. एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीचा लार्ज असू शकतो.

हे गणित उलट बाजूनेही लागते, आणि जाहिराती त्याबद्दल गप्प असतात. कमरेपर्यंतचे, समजा ७५ सेंटीमीटरचे केस इंची रोलरवर गुंडाळले तर नऊच्या वर वेढे पडतात. केस आणि त्यांच्यामध्ये अडकलेली हवा दोन्ही उष्णतेचे मंद वाहक. रोलरला टेकलेली टोके तापतात, पण बाहेरच्या वेढ्यांपर्यंत ऊब जेमतेम पोहोचते. परिणामी टोकांना गुंडाळी आणि वर सरळ काड्या. लांब केसांसाठी मोठा व्यास, पातळ बटा आणि शक्य तर क्लिपाही तापणारा संच घ्यावा, म्हणजे उष्णता बाहेरूनही मिळते. तरीही कमरेखाली जाणाऱ्या दाट केसांसाठी गरम रोलर हे योग्य साधन नाही असेच आमचे मत आहे. रात्री सैल वेण्या घालून सकाळी सोडल्या तर कमी खर्चात जास्त काम होते.

रोलरची संख्याही याच हिशेबात येते. एका रोलरवर घ्यायची बट त्याच्या लांबीहून रुंद आणि व्यासाहून जाड नसावी. प्रवासासाठीच्या आठ-दहा रोलरच्या संचात दाट केस कोंबले तर प्रत्येक बट जाड होते आणि आतले केस कोरडेच राहतात. विरळ केसांना दहा-बारा पुरतात, दाट केसांना वीस किंवा अधिक लागतात.

पुण्यात टिकतात, मुंबईत का नाही?

कारण हायड्रोजन बंध पाण्यानेही सुटतात आणि ते पाणी हवेतूनही येते. हवा पूर्ण दमट असेल तर केस स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी शोषू शकतो. पावसाळ्यात मुंबई, कोकण, गोव्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणून जे वळण डिसेंबरच्या नागपुरात रात्रभर टिकते, ते जूनमध्ये रत्नागिरीच्या मांडवात तासाभरात ढिले पडते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एक माप लहान रोलर घ्यावा, हेअरस्प्रेचा हलका हात रोलर काढल्यानंतर फिरवावा आणि घामाचा विचार करून मानेवरचे केस बांधून टाकावेत. स्प्रे ज्वलनशील असतो. देवघरातली समई, गॅस किंवा तापलेला रोलरचा तळ जवळ असताना तो मारू नये.

केस किंचित ओलसर असतील तर वळण अधिक पक्के बसेल, असा एक समज आहे. तो धोक्याचा आहे. ओल्या केसाच्या आतल्या पाण्याची झटकन वाफ झाली तर केसाच्या दांड्यात बुडबुडे तयार होतात आणि तिथे केस तुटतो. त्वचारोगतज्ज्ञ त्याला ‘बबल हेअर’ म्हणतात. चिमटा १२५ अंशांवर मिनिटभर धरला तरी असे बुडबुडे होऊ शकतात, हे प्रयोगात दिसले आहे. रोलरचे तापमान त्याच्या फार दूर नाही. म्हणून केस हाताला कोरडे लागेपर्यंत थांबावे. उष्णतेपासून बचाव करणारा स्प्रे लावला असेल, तर तोही वाळू द्यावा.

रंगवलेल्या, सरळ केलेल्या केसांचे काय?

ब्लीच केलेल्या केसांवरचे खवले उचललेले असतात. ते वळण पटकन घेतात आणि पटकन सोडतात. त्यांना मखमली रोलर, खालचे तापमान आणि टोकांना पार्लरमध्ये मिळणारा पातळ कागद, म्हणजे टोके चुरगळत नाहीत. स्मूदनिंग किंवा रिबाँडिंग केलेल्यांनी तर खर्च करण्याआधी थांबावे. रसायनाने गंधकाचे पक्के बंधच सरळ आकारात जुळवलेले असतात, कच्च्या बंधांचे वळण त्यांच्यापुढे फार वेळ तग धरत नाही. मुळाशी उगवलेले नवे केस वळतील आणि खालचे नाही, असे चमत्कारिक दृश्यही होते.

तेल लावलेल्या केसांवर रोलर घसरतो. खोबरेल केसांत मुरते आणि प्रथिनांची झीज कमी करते, हे संशोधनातून दिसले आहे, पण ते धुण्याच्या आधी लावायचे. रोलर लावताना ‘संरक्षण’ म्हणून नव्हे.

खोक्यावरच्या ‘आयनिक’, ‘टूर्मलीन’, ‘नॅनो’ या शब्दांनी भारावून जाऊ नये. त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजण्याऐवजी तेच पैसे तापमानाच्या दोन पायऱ्या, वेगवेगळी मापे आणि पुरेशी संख्या असलेल्या संचावर घालावेत.

इजा कशी टाळायची?

भाजण्याचा धोका बहुतेकींच्या लक्षात असतो, ओढण्याचा नसतो. रोलर घट्ट बसावा म्हणून कपाळाच्या कडेचे केस ताणून गुंडाळायची सवय लागली, तर त्या कडेचे केस विरळ होत जातात. याला ‘ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया’ म्हणतात. कायम घट्ट आंबाडा किंवा वेणी घालणाऱ्यांनाही तो होतो. लवकर थांबवले तर केस परत येतात, वर्षानुवर्षे ताण राहिला तर मुळेच निकामी होतात. रोलर लावल्यावर भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या किंवा टाळू दुखली, तर तो सैल करावा. त्वचा आणि रोलर यांच्यामध्ये चटका बसत असेल तर कापसाचा पातळ थर ठेवता येतो. आठवड्यातून एकदा-दोनदा यापेक्षा जास्त वापर बारीक किंवा रंगवलेल्या केसांना नको.

शेवटचा मुद्दा अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या संचाचा. तिथला घरगुती वीजपुरवठा १२० व्होल्टचा, आपला २३० चा. साधी तापणारी तार असलेले १२० व्होल्टचे यंत्र आपल्या सॉकेटला लावले तर ते जवळपास साडेतीनपट वीज खेचते. तळ वितळू शकतो, आग लागू शकते. बाजारात मिळणारा छोटा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. यंत्राच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर ‘१००-२४० व्होल्ट’ असे लिहिलेले असेल तर ते इथे चालते. नुसते ‘१२०’ असेल तर त्या संचाच्या वॅटेजला पेलणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्या जड डब्याच्या किमतीत बऱ्याचदा इथला नवा संच येतो.